पान पांढरं की पांढरटसर? जुन्या कॉमिक्सच्या भावामागचा कागद

जुनं कॉमिक पिवळं पडतं हे कुणाला सांगायला नको, पण अमेरिकेतल्या बाजारात कॉमिकचा दर्जा सांगणाऱ्या लेबलवर पानाच्या रंगाला स्वतंत्र ओळ मिळाली आणि तिथून जी भांडणं लागली ती अजून मिटली नाहीत.

मुळात १९३०-४० च्या काळातली दहा सेंटची कॉमिक्स टिकावीत म्हणून छापलीच नव्हती, स्वस्तातलं न्यूजप्रिंट, लाकडाचा भरडलेला लगदा, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला घट्टपणा देणारा घटक, तसंच. लिग्निनमुळे पान पिवळं-तपकिरी होतं आणि आम्लामुळे कागदाचे धागे तुटून ते ठिसूळ होतं. ही दुखणी बऱ्याचदा जोडीने येतात, पण एकच नाहीत.

१९७० मध्ये पहिली मोठी किंमत-पुस्तिका आली तेव्हा सगळं लक्ष कव्हर, कोपरे, स्टेपलवर. मग १९७७ ला कोलोरॅडोत एका घरात हजारो अंकांचा गठ्ठा सापडला, कोरडी हवा, एकावर एक घट्ट रचलेले, आत पानं पांढरी. लोकांनी पुस्तिकेतल्या भावाच्या कितीतरी पट पैसे मोजले, आणि पानाचा रंग हा बोलायचा विषय झाला.

खरा घोळ २००० नंतरचा. एक ग्रेडिंग कंपनी आली, कॉमिक तपासून प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये सील करायला लागली. कॉमिकच्या एकूण अवस्थेला दहापैकी आकडा एकीकडे आणि ‘व्हाइट’, ‘ऑफ-व्हाइट टू व्हाइट’, ‘क्रीम टू ऑफ-व्हाइट’ असं दुसरीकडे. म्हणजे ९.० ला ९.० असूनही एकाचं पान दुधासारखं आणि दुसऱ्याचं चहात बुडवल्यासारखं असू शकतं. एक गट म्हणतो बरंच झालं, रंग आवडीचा भाग, ज्याला हवा त्याने जास्त द्यावेत. दुसरा म्हणतो कागद म्हणजेच कॉमिक, तो आकड्याबाहेर ठेवायचा कसा? मला दुसरं पटतं. त्यात न्यूजप्रिंट नवं असतानाही करडटच असतं, मग ‘व्हाइट’ कशाच्या तुलनेत? तोच अंक स्लॅब फोडून परत पाठवला की कधीकधी रंगाचा शेरा बदलून येतो, मग बोला. ‘ब्रिटल’ शब्द आला की मात्र वाद संपतो, पापडासारखा कोपरा तुटणारा अंक सहसा कुणी हौसेने घेत नाही.

२०१४ ला सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ९.० चा, ३२ लाख डॉलर्सच्या वर गेला. तो वेस्ट व्हर्जिनियात देवदाराच्या पेटीत ठेवलेला होता आणि पांढऱ्या पानांचा उल्लेख तेव्हा हमखास व्हायचा. १९८० च्या दशकात चांगला कागद यायला लागला, त्यामुळे नंतरच्या अंकांना ही काळजी कमीच.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांना ना लेबल ना स्लॅब. माझ्याकडचा वेताळाचा एक अंक पावसाळी हवेने स्टेपलभोवती गंजून तपकिरी झालाय, कडा बोटाला लागून भुरभुरतात. विकणारा म्हणाला होता, ‘पेजेस एकदम व्हाइट, साहेब.’