कॅबिनेटमधला भुंगा

मध्यंतरी माझ्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये एक भुंगा शिरला होता. ऊंऊं करत चढायचा, विरायचा, पुन्हा चढायचा. साधारण सेकंदाला एक फेरी. पहिला संशय अर्थातच हार्ड डिस्कवर. कॉम्प्युटरमधून नवा आवाज आला की आधी डिस्कमधल्या फोटोंसाठी जीव टांगणीला लागतो. रात्र जागून सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. मूळ डिस्क ठणठणीत निघाली. (त्या निमित्तानं बॅकअप झाला, एवढं मात्र बरं झालं.)

भुंगा पकडला तो गुणाकारानं. मिनिटाला १२०० फेऱ्या मारणारा पंखा सेकंदाला २० फेऱ्या मारतो. त्याला सात पाती असतील, तर जाळीच्या एखाद्या काडीसमोरून सेकंदाला १४० वेळा पातं जातं आणि दर वेळी हवेला छोटा धक्का बसतो. कानाला हे धक्के सुटे कळत नाहीत, १४० हर्ट्झचा खर्जातला सूर ऐकू येतो. माझ्याकडे असे दोन पंखे होते. बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या, पडद्यावर एकाचा वेग १२०० दिसत होता, दुसऱ्याचा १२१०. म्हणजे दुसऱ्याचा सूर १४१ हर्ट्झच्या थोडा वर. एवढे जवळचे दोन सूर एकत्र आले की त्यांच्या लहरी क्षणभर एकमेकींना उचलून धरतात आणि पुढच्याच क्षणी एकमेकींना खोडतात. तंबोऱ्याच्या तारा जवळजवळ जुळल्या असताना जो डोल ऐकू येतो, तोच हा. सुरांतला फरक सव्वा हर्ट्झच्या आसपास, म्हणून डोलही सेकंदाला एखादा. दोन्ही पंखे निर्दोष होते. भांडण जोडीचं होतं. एकाचा वेग १००० वर आणला आणि भुंगा गेला.

तेव्हापासून माझा नियम असा: स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी आवाज मोजायचा. सेकंदाला वीसएक ठोके पडायला लागले की कान ते वेगळे मोजू शकत नाही, त्यांचा घरघराट होतो. त्यामुळे पंख्याच्या पात्याला वायर घासत असेल तर ‘टक्, टक्’ असं कधीच ऐकू येणार नाही. येईल ती सलग खर्रर्र. उलट आरामात मोजता येईल असा ‘टक्... टक्...’ भर वेगात फिरणाऱ्या पंख्याचा असणं कठीण. मशीन नुकतंच चालू किंवा बंद केलेलं असेल, तर तापताना-निवताना पत्रा आणि प्लास्टिक कुरबुरतात, तो आवाज असू शकतो. तसं नसेल, तर मग डिस्ककडे वळायचं.

डिस्कमधल्या चकत्या बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०, आणि तेवढ्याच हर्ट्झची हलकी गुणगुण. वाचणारं हेड चकतीच्या वर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. फाइल कॉपी होताना येणारी अनियमित कुरकुर ही त्याची कामाची धावपळ, तिला घाबरू नये. पण ठरावीक अंतरानं तोच तो ‘टक्’ येत असेल तर गोष्ट वेगळी. चकतीवरच्या जागेच्या खुणा हेडला वाचता येत नाहीत, ते मूळ जागी परततं, पुन्हा जातं, पुन्हा चुकतं. अशा वेळी तपासणीचा प्रोग्राम चालवत बसू नये. मशीन बंद करावं. अपुऱ्या वीजपुरवठ्यानंही असं होऊ शकतं, पण ती शंका डिस्क थांबवल्यावर फेडावी.

आवाज कुठून येतो हे शोधायला कागदाची सुरळी पुरते. १८१६ मध्ये लेनेक या फ्रेंच डॉक्टरानं कागद गुंडाळून रुग्णाच्या छातीला लावला आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. इथं रुग्ण पत्र्याचा आहे इतकंच. एक टोक कानाशी धरायचं, दुसरं एकेका भागाजवळ न्यायचं, केस आणि बोटं पात्यांपासून लांब ठेवायची. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबल्याबरोबर आवाज थांबला, तर एखादा स्क्रू ढिला आहे. थंड मशीन चालू केल्यावर पंखा कण्हतो आणि दहा मिनिटांनी गप्प होतो, तर त्याच्या बेअरिंगमधलं तेल संपत आलं असावं. तो बदलून टाकावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये कित्येकशे व्होल्ट साठून राहू शकतात.

आता सगळ्यात चक्रावणारा आवाज: रातकिड्यासारखी बारीक किरकिर. गेमचा मेनू उघडला की वाढते, पान वरखाली सरकवलं की सूर बदलते. सगळे पंखे क्षणभर थांबवले तरी चालूच! इथं हलताना दिसणारं काहीच नसतं. किरकिरतात त्या ग्राफिक्स कार्डावरच्या (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) किंवा पॉवर सप्लायमधल्या तारेच्या कॉइल. विजेचा प्रवाह बदलला की चुंबकीय बलामुळे वेटोळी थरथरतात आणि त्यांच्या आतला गाभाही लांबी किंचित बदलतो. लोखंडाचा हा गुण ब्रिटिश शास्त्रज्ञ जूल यांनी १८४२ मध्ये नोंदवला होता. सिरॅमिक कपॅसिटरही व्होल्टेजबरोबर आकुंचन-प्रसरण पावतात. या सर्किटमधली विजेची उघडझाप सहसा सेकंदाला लाखो वेळा होते, ती आपल्याला ऐकूच येत नाही. पण ग्राफिक्स कार्ड मेनूचं साधं चित्र सेकंदाला दोन-तीन हजार वेळा रेखाटायला लागलं की विजेची मागणीही त्याच तालात वरखाली होते, आणि तो ताल थेट कानाच्या टप्प्यात येतो. सेकंदाला रेखाटायच्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या ६० वर बांधली की किरकिर बहुधा ओसरते. कार्डाला यात इजा होत नाही. वयाबरोबर उंच सूर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ही किरकिर घरातल्या मुलांना छळते आणि मोठ्यांना ‘कुठे काय आहे?’ असं वाटतं.

ही किरकिर नुसती कटकट नाही, ती माहितीही फोडते. प्रोसेसर काय काम करतो आहे त्यानुसार ती बदलते. २०१३ मध्ये गेन्किन, शमीर आणि ट्रोमर या संशोधकांनी लॅपटॉपमधून येणारे असे आवाज तासभर ऐकून त्यातली ४०९६ बिटांची गुप्त आरएसए चावी (सांकेतिक केलेला मजकूर उलगडणारा भलामोठा आकडा) शोधून काढली. ऐकायला शेजारी ठेवलेला साधा मोबाइलही पुरला.