बर्लिनसाठी डॉइचलांड तिकीट: कोणाला मिळते, काय लागते आणि १० तारीख का पाळायची

बर्लिनला शिकायला किंवा नोकरीसाठी येणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच डॉइचलांड तिकिटाचा, म्हणजे जर्मनीभर चालणाऱ्या मासिक प्रवासी तिकिटाचा, निकाल लावून टाकावा. मे २०२३ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा त्याचे महिन्याला ४९ युरो पडत. जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. एवढ्या पैशांत शहरातली ऊ-बान (मेट्रो), एस-बान (उपनगरी रेल्वे), ट्राम आणि बस तर चालतेच, शिवाय वानझे ते क्लाडो ही तळ्यावरची फेरीबोटही चालते. एरवी बर्लिनचे तिकीट ए, बी, सी अशा विभागांनुसार काढावे लागते. विमानतळ आणि पॉट्सडॅम सी विभागात येतात, त्यामुळे नवखा माणूस नेमका तिथेच अडकतो. हे तिकीट असले की तो विचारच करावा लागत नाही. देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांच्या दुसऱ्या वर्गातही ते चालते. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र ते धरत नाहीत.

आधी बघा, विकत घ्यायची गरज आहे का

बर्लिनच्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत सेमेस्टर शुल्कातच विद्यार्थ्यांचे डॉइचलांड तिकीट धरलेले असते, आणि तेही बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त. तिथे प्रवेश पक्का झाला असेल तर वेगळा अर्ज करून दुप्पट पैसे भरू नका. हिवाळी सेमेस्टर १ ऑक्टोबरला सुरू होते. सप्टेंबरात येणाऱ्यांना तेवढ्या एका महिन्यासाठी स्वतःचे तिकीट काढावे लागते. खासगी संस्थांपैकी कित्येकांचा असा करार नसतो, म्हणून प्रवेश घेतानाच संस्थेला ईमेलवर विचारून ठेवा.

नोकरदारांनी कंपनीच्या एचआरला ‘जॉबतिकीट’बद्दल, म्हणजे कंपनीमार्फत सवलतीत मिळणाऱ्या डॉइचलांड तिकिटाबद्दल, विचारावे. कंपनीने किमान २५ टक्के वाटा उचलला की वर आणखी ५ टक्के सवलत मिळते. हा अर्ज कंपनीमार्फत होतो.

सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. बर्लिनमध्ये राहणाऱ्या आणि तिथल्याच शाळेत जाणाऱ्या मुलांना २०१९ पासून ए आणि बी विभागांत मोफत पास मिळतो. तो आपोआप घरी येत नाही, पालकांना अर्ज करावा लागतो. नव्याने आलेल्या कुटुंबांकडून हे हमखास राहून जाते.

अर्ज आणि कागदपत्रे

पात्रतेची अट जवळपास नाहीच. नागरिकत्व, व्हिसाचा प्रकार, पत्त्याची नोंदणी म्हणजे आन्मेल्डुंग, यांतले काहीही आड येत नाही. बीव्हीजी (बर्लिनची शहर वाहतूक कंपनी), एस-बान बर्लिन किंवा डॉइचे बान (जर्मन रेल्वे) यांच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. कोणाकडूनही घेतले तरी तिकीट तेच.

लागतात फक्त दोन गोष्टी, पण दोन्हींत आपली माणसे अडतात. पहिली म्हणजे नाव. तिकीट वैयक्तिक असते आणि तपासनीस ते ओळखपत्राशी ताडून पाहू शकतो. आपल्याकडच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात बऱ्याचदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नावही असते. ‘फोरनामे’ या जागी तो रकाना जसाच्या तसा उतरवा आणि ‘नाखनामे’ या जागी आडनाव लिहा. घरचे लाडके नाव किंवा आद्याक्षरे लिहू नका.

दुसरी गोष्ट बँक खाते. पैसे दर महिन्याला सेपा या युरोपीय बँक पद्धतीने थेट खात्यातून कापले जातात, त्यासाठी आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक हवा. भारतातल्या खात्याला आयबान नसतो. खाते उघडेपर्यंत कार्ड स्वीकारणारा विक्रेता शोधावा. काही विक्रेते तुमची आर्थिक पत तपासतात आणि नव्याने आलेल्याचा अर्ज नाकारतात. त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही, दुसऱ्या विक्रेत्याकडे अर्ज करा.

तिकीट मोबाइलमध्ये किंवा चिपकार्डावर मिळते. चिपकार्ड टपालाने येते, आणि जर्मनीत पोस्टमन इमारतीच्या दाराजवळच्या पत्रपेटीवरचे नाव वाचूनच पत्र टाकतो. कोणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर पेटीवर आपल्या आडनावाची चिठ्ठी आधी चिकटवा, नाहीतर कार्ड परत जाईल.

१० तारीख

पैसे जातात ते इथे. हे एका महिन्याचे तिकीट नाही, दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहणारी वर्गणी आहे. ती महिनाअखेर बंद करायची तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. ११ तारखेला जाग आली तर पुढच्या महिन्याचेही ६३ युरो गेले. सप्टेंबरपुरतेच हवे असेल तर १ तारखेला सुरू करून लगेच रद्द करा. तिकीट ३० तारखेपर्यंत चालते. रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा. महिन्याच्या मध्यावर घेतले तर बहुतेक ठिकाणी पूर्ण महिन्याचे पैसे पडतात, म्हणून २० तारखेला उतरणाऱ्याने उरलेले दिवस साध्या तिकिटांवर काढावेत.

बर्लिनच्या स्थानकांवर आत शिरताना तिकीट तपासणारी फाटके नाहीत. साध्या कपड्यांतले तपासनीस गाडीत येतात आणि वैध तिकीट दाखवता आले नाही तर ६० युरो दंड होतो. फोन बंद पडला हे कारण चालत नाही, स्क्रीनशॉटही नाही. तुमच्या नावाचे तिकीट त्या वेळी वैध होते हे मुदतीत दाखवलेत तर दंड ७ युरोवर येतो.

आईवडील महिना दोन महिने राहायला येणार असतील तर त्यांच्यासाठीही हे तिकीट काढता येते. काही अर्जांत खाते तुमचे आणि प्रवासी म्हणून त्यांचे नाव, असे भरता येते. त्यांना चिपकार्डच मागवा, कारण परक्या शहरात फोन उघडून ॲप शोधणे त्यांना जड जाते. फलाटावरच्या मशीनमधून एकेरी तिकीट काढले तर गाडीत बसण्याआधी शेजारच्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवायला त्यांना शिकवा. शिक्का नसलेले तिकीट, तिकीट नसल्यासारखेच धरतात.