भाव चढला, सोनं घटलं

1970 साली दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून सुमारे 1,000 टन सोनं निघालं. एका देशानं एका वर्षात काढलेलं एवढं सोनं पुढे कुठेच दिसलं नाही. तेव्हा सोन्याचा अधिकृत दर औंसाला, म्हणजे 31.1 ग्रॅमला, 35 डॉलर होता. 1971 मध्ये अमेरिकेनं डॉलरची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली आणि जानेवारी 1980 मध्ये भाव 850 डॉलरवर गेला. खाणवाल्यांनी आता जोरात उपसा करायला हवा होता. पण त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचं उत्पादन 700 टनांच्याही खाली होतं!

याची मेख खडकात आहे. आजच्या बऱ्याचशा उघड्या खाणींत टनभर खडकामागे जेमतेम एक ग्रॅम सोनं मिळतं. टनभर खडक म्हणजे मांडीपर्यंत येणारा एक ठोकळा आणि त्यातलं सगळं सोनं एकत्र केलं, तर पावणेचार मिलिमीटरचा कण. तोही अखंड नसतोच. खडक दळून पीठ करायचं, सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवायचं आणि मग ते कोळशावर चिकटवून घ्यायचं. हा कोळसा बहुधा नारळाच्या करवंटीचा असतो, ही मला या साऱ्या खटाटोपातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

किती कसाचा खडक दळणं परवडतं, याची रेषा भावावर ठरते. भाव चढला की ती खाली सरकते आणि काल टाकाऊ असलेला खडक आज गिरणीत जातो. पण गिरणीची क्षमता तेवढीच असते. कमकस खडक दळला की सोनं कमीच पडणार. खाणीचं आयुष्य वाढतं, रोजचं उत्पादन घटतं.

शिवाय चांगला खडक खोल जातो. दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग खाण जवळजवळ चार किलोमीटर खोल आहे. तिथला खडक 60 अंशांच्या वर तापलेला असतो, म्हणून वरून बर्फाचा लगदा सोडावा लागतो. त्या देशाचं उत्पादन आता वर्षाला 100 टनांच्या आसपास आलंय. नवी खाण शोधावी, तर सापडल्यापासून पहिलं सोनं निघेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

तरी ‘खाणी आटल्या म्हणून भाव भडकला’ हे मला पटत नाही. सोनं वापरून संपत नाही. आजवर काढलेलं दोन लाख टनांहून जास्त सोनं लोकांकडे आणि बँकांकडे पडून आहे. वर्षाकाठी खाणींतून येणारे सुमारे 3,600 टन म्हणजे त्यात दोन टक्क्यांचीही भर नाही. भाव ठरतो तो हा साठा कोण धरून ठेवतो आणि कोण सोडतो यावर. 2018 मध्ये औंस 1,200-1,300 डॉलरच्या घरात होता, ऑक्टोबर 2025 मध्ये तो 4,000 च्या वर गेला. जगाचं खाण-उत्पादन मात्र या काळात जवळपास जागच्या जागी राहिलं.

भावाला चटकन दाद देते ती मोड. जुने दागिने, भंगारातली इलेक्ट्रॉनिक्स यांतून दरवर्षी 1,000 टनांहून जास्त सोनं परत येतं. टनभर जुन्या मोबाइलमध्ये तर शंभर ग्रॅमच्याही वर सोनं असतं, आणि त्यासाठी चार किलोमीटर खाली उतरावं लागत नाही.