झाप्फिनो (फॉन्ट)
झाप्फिनो हा रोमन लिपीचा नाजूक, हाताने लिहिल्यासारखा दिसणारा फॉन्ट आहे, हर्मन झाप्फ (१९१८–२०१५) या जर्मन कॅलिग्राफरने केलेला आणि लायनोटाइप कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणलेला. पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे फॉन्टही त्यांचेच. पण झाप्फिनोचं मूळ खूप जुनं, १९४४ मधल्या त्यांच्या स्केचबुकातलं एक पान, म्हणजे ऐन युद्धात नकाशे काढायच्या कामावर असताना केलेली कॅलिग्राफी. तिचा फॉन्ट व्हायला पन्नासेक वर्षं लागली, कारण जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्यांमध्ये, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांमध्ये, ही अक्षरं बसणारीच नव्हती, एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावरून जाते ना.

याची खरी गंमत अशी की प्रत्येक अक्षराची बरीच रूपं आहेत. माणूस लिहितो तेव्हा एकाच शब्दातली दोन अक्षरंसुद्धा अगदी सारखी येत नाहीत, फॉन्टमध्ये मात्र ती हुबेहूब येतात आणि तिथेच नकली वाटायला लागतं. इथे सॉफ्टवेअर शेजारची अक्षरं बघून रूप बदलतं, काही जोड्या एकत्र गुंफतं, मॅकवर तर झाप्फिनो हे नाव टाइप केलं की अख्खा शब्द एकाच फटकाऱ्यात काढल्यासारखा उमटतो! सगळ्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये मला हाच सगळ्यात जिवंत वाटतो.

वापर म्हणाल तर लग्नपत्रिका, सर्टिफिकेट, परफ्यूमची लेबलं, कॅफेची पाटी. एखादं नाव किंवा चार शब्द, बस्स. पूर्ण परिच्छेद यात लावला की वरच्या ओळीच्या शेपट्या खालच्या ओळीत घुसतात आणि वाचणारा थकतो, शिवाय सगळी कॅपिटल अक्षरं तर कधीच नको, ती एकमेकांत अडकून बसतात. दोन ओळींत भरपूर जागा सोडायची. छोट्या साइजमध्ये बारीक रेषा गायब होतात, सोनेरी फॉइलमध्ये तर तुटतातच, म्हणून आधी एक प्रूफ काढून बघावं.

यात देवनागरी अक्षरं नाहीत. मराठी टाइप केलं की कॉम्प्युटर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो, त्यामुळे आपल्या पत्रिकेत वधूवरांची इंग्रजी आद्याक्षरं अशा फॉन्टमध्ये आणि बाकी मजकूर साध्या देवनागरीत, असं करावं लागतं. देवनागरीत हस्ताक्षरी वळणाचा हवा असेल तर कलम हा फुकट मिळणारा फॉन्ट आहे, पण त्याची रेषा जाडसर, रोजच्या पेनाची आहे, नाजूक नाही. खरं तर हात न उचलता सलग लिहायची सवय आपल्या मोडी लिपीत होतीच की, आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची.