कीत्स (बर्लिन)

कीत्स : बर्लिनकराची राहती वस्ती. घरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टापूतले चार रस्ते, कोपऱ्यावरचे दुकान, बेकरी, एखादा चौक, मुलांचे खेळायचे मैदान आणि रोज दिसणारे चेहरे मिळून कीत्स होतो. सरकारदरबारी त्याची हद्द ठरलेली नाही. पुण्याच्या पेठेला निदान ठरलेली सीमा असते. कीत्स कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यावर एकाच जिन्यातल्या दोन शेजाऱ्यांचेही एकमत होणे कठीण. ग्रेफेकीत्स, बेर्गमानकीत्स, रॉयटरकीत्स ही नावे त्या त्या ठिकाणच्या रस्त्यावरून किंवा चौकावरून पडली.

बर्लिनमध्ये राहणाऱ्या मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे जो उतरतो, त्याची शहराशी गाठ पडते ती कीत्समधून. ब्रांडेनबुर्ग दरवाजा, राइशटाग, संग्रहालयांचे बेट हे दोनतीन दिवसांत पाहून होते. त्यानंतर यजमान कामावर गेला की हातात घराची किल्ली उरते आणि दिवस कीत्समध्ये जातो. घरातला कचरा खाली नेऊन टाकणे, रिकाम्या बाटल्या दुकानात परत करणे, शनिवारी संध्याकाळच्या आत दूध-पाव आणणे ही कामे पाहुण्याने अंगावर घेतली, तर शहराची घडी आतून कळू लागते. प्रस्तुत नोंदीत कीत्सचा विचार मुख्यतः या अंगाने केला आहे.

बर्लिनला एक मध्यवर्ती गाभा नाही, याचे कारण इतिहासात आहे. १ ऑक्टोबर १९२० रोजी जुने बर्लिन, भोवतालची सात शहरे, ५९ गावे आणि २७ जमीनदारी इलाखे एकत्र करून ‘बृहद् बर्लिन’ निर्माण झाले. शार्लोटेनबुर्ग, श्पांडाउ, क्योपेनिक, नॉयकोल्न यांची आपापली नगरभवने, बाजार आणि हमरस्ते होते. ते तसेच राहिले. पुढे १९६१ ते १९८९ या काळात भिंतीने शहर दुभंगले आणि पश्चिमेला प्राणिसंग्रहालयाचा परिसर, पूर्वेला आलेक्झांडरप्लात्स अशी दोन केंद्रे उभी राहिली. त्यामुळे आजही बर्लिनकराला ‘शहरात जाऊन येतो’ म्हणण्याची फारशी गरज पडत नाही. लागेल ते बहुतेक कीत्समध्ये मिळते. नॉयकोल्नचेच पाहा. १९१२ पर्यंत या शहराचे नाव रिक्सडोर्फ होते. १७३७ मध्ये बोहेमियातून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांना राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याने तिथे वसवले. त्यांची बसकी घरे आणि रिशार्डप्लात्सवरची लोहारशाळा गजबजलेल्या कार्ल-मार्क्स-रस्त्यापासून पाच मिनिटांवर आहे. गल्लीत वळताच वाहनांचा आवाज थांबतो आणि पायाखाली दगडी फरसबंदी लागते.

घर आणि अंगण. १८६२ मध्ये जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने वाढत्या बर्लिनसाठी रस्त्यांचा आराखडा केला. रस्ते रुंद आणि त्यांमधले भूखंड खोल ठेवले गेले. जमीनमालकांनी त्या खोलीचा पुरेपूर फायदा घेतला : रस्त्याकडे तोंड करून पुढची इमारत, तिच्या मागे अंगण, दोन्ही बाजूंना पाखे, मागे आणखी एक इमारत, तिच्याही मागे दुसरे अंगण. १८५३ च्या बांधकाम नियमांनुसार अंगण कमीत कमी ५.३४ मीटर लांब आणि तितकेच रुंद असावे लागे, कारण आगीचा बंब तेवढ्यात वळत असे. उजेडाचा किंवा हवेचा विचार त्या आकड्यामागे नव्हता. पुढच्या बाजूला सुखवस्तू कुटुंबे, मागच्या अंधाऱ्या खोल्यांत कामगार, आणि ये-जा सगळ्यांची एकाच दरवाजातून. आज मागच्या इमारतींना शांततेमुळे मागणी आहे. पुढची इमारत आणि बाजूचा पाखा यांना जोडणारी, कोपऱ्यात एकच खिडकी असलेली लांबरुंद खोली ‘बर्लिनर त्सिमर’ म्हणून ओळखली जाते. तिच्यातून घरातल्या सगळ्यांची ये-जा असते, म्हणून ती कोणा एकाची झोपायची खोली सहसा होत नाही आणि पाहुण्याचा बिछाना तिथे पडतो.

सदनिकांना क्रमांक नसतात ही नवख्याला चकवणारी गोष्ट. दारावरच्या घंटांच्या पाटीवर आडनावे असतात आणि पत्ता तोंडी सांगितला जातो : मागची इमारत, तिसरा मजला, डावीकडे. घंटेवरचे आडनाव यजमानाचे असेलच असे नाही. भाड्याच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्याच्या दारावर मूळ भाडेकरूचे नाव असू शकते. पाहुण्याने ते नाव आधीच विचारून घ्यावे; टपाल मागवायचे असेल तर पत्त्यात ‘द्वारा’ लिहून तेच घालावे, नाहीतर पोस्टमन पाकीट परत नेतो.

जुन्या दरवाजांसाठी या शहराने एक खास किल्ली घडवली. योहान श्वाइगर या बर्लिनच्या कुलूपकाराने १९१२ मध्ये ती काढली. तिला मूठ नाही. दोन्ही टोकांना सारखेच दात आहेत. रात्री बाहेरून दार उघडले की किल्ली मागे ओढून निघत नाही. ती कुलपाच्या भोकातून आरपार पलीकडे ढकलायची, आपण आत यायचे, दार लावायचे आणि आतून कुलूप फिरवायचे, तेव्हाच ती हाती येते. दार उघडे टाकून जाण्याची सोयच ठेवलेली नाही. आता अशी कुलुपे विरळा झाली आहेत, पण शेजारधर्माची सक्ती लोखंडात कशी ओतता येते हे त्या किल्लीइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही.

बाटल्या, कचरा आणि रविवार. बाटलीवर अनामत घेण्याच्या पद्धतीला ‘फांड’ म्हणतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि डबे यांवर २००३ पासून ती सक्तीची आहे. आजचा दर २५ सेंट. पुन्हा भरल्या जाणाऱ्या बिअरच्या काचेच्या साध्या बाटलीला ८ सेंट, पाण्याच्या बाटलीला सहसा १५. सुपरमार्केटच्या एका कडेला भिंतीत गोल तोंडाचे यंत्र असते. बाटली आडवी सरकवली की ती आत गरागरा फिरते, यंत्र तिच्यावरची खूण वाचते आणि गिळते. ओळखू आली नाही तर परत करते. शेवटी बटण दाबल्यावर चिठ्ठी निघते, ती गल्ल्यावर द्यायची. चेपलेला डबा यंत्राला ओळखू येत नाही, म्हणून घरात डबे चेपून ठेवू नयेत. बागेत किंवा रस्त्यावर बाटली रिकामी झाली तर ती कचरापेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभी करून ठेवतात. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसे शहरभर आहेत, त्यांतली कित्येक म्हातारी. त्यांना पेटीत हात घालावा लागू नये, हा त्यामागचा हेतू. पाहुण्याने पहिल्या दिवसापासून उचलावी अशी ही रीत आहे.

अंगणातल्या कचरापेट्या निरनिराळ्या : कागद, ओला कचरा, वेष्टने, पांढरी काच, रंगीत काच, उरलेसुरले. काच रात्री किंवा रविवारी टाकायची नाही, कारण तिचा आवाज चारही भिंतींवर आदळून प्रत्येक खिडकीत शिरतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. घरी मेजवानी असेल तर आदल्या दिवशी जिन्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी लावतात : शनिवारी जरा गडबड होईल, त्रास झाला तर दार वाजवा किंवा सरळ आत या. नको असलेली पुस्तके, कपबश्या, लहान झालेले बूट खोक्यात भरून दाराबाहेर ठेवतात आणि वर ‘फुकट न्या’ अशा अर्थाचा कागद चिकटवतात.

रविवारी दुकाने बंद असतात. या बंदला घटनेचा आधार आहे. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या यांना विश्रांतीचे व आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षण देणारे १९१९ च्या वायमार संविधानातले १३९ वे कलम आजच्या मूलभूत कायद्याने, म्हणजे जर्मनीच्या राज्यघटनेने, जसेच्या तसे स्वीकारले. नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकाने उघडी ठेवण्याची मुभा बर्लिनने दिली होती, ती २००९ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. बेकऱ्या काही तास उघडतात, मोठ्या रेल्वेस्थानकांतली दुकाने चालू असतात. अडीनडीला उपयोगी पडते ते ‘श्पेटी’, म्हणजे उशिरापर्यंत चालणारे कोपऱ्यावरचे दुकान. पूर्व जर्मनीत पाळीवर काम करणाऱ्यांसाठी अशी दुकाने होती. एकीकरणानंतर ती शहरभर पसरली आणि त्यांतली पुष्कळशी आज तुर्की, अरबी, व्हिएतनामी कुटुंबे चालवतात. दारापुढच्या बाकावर लोक बिअर घेऊन बसतात. कीत्समधली खबरबात ऐकायची तर तिथे. दुकानदार शेजाऱ्यांची पार्सले आणि घराच्या किल्ल्याही सांभाळतो. दुकानात शिरताना ‘हालो’ आणि निघताना ‘च्यूस’ म्हणणे एवढे जर्मन तरी यावे. बर्लिनकर तुटक बोलतो. त्यात राग नसतो.

बाजार. लांडवेअर कालव्याच्या काठी मायबाखउफर इथे मंगळवारी आणि शुक्रवारी भरणारा बाजार नॉयकोल्न आणि क्रॉइत्सबेर्ग यांच्या सीमेवर आहे. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात ३० ऑक्टोबर १९६१ रोजी मजूरभरतीचा करार झाला आणि त्यानंतर आलेल्या कुटुंबांपैकी अनेक भिंतीलगतच्या या स्वस्त वस्त्यांत राहिली. त्यांनी हा बाजार घडवला. भेंडी, कोथिंबीर, पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्ह, पनीर, कापडाचे तागे सगळे एका ओळीत. संध्याकाळ होऊ लागली की विक्रेते पिकलेल्या फळांचे वाटे लावतात आणि एक यूरोचा पुकारा सुरू होतो. मराठी पाहुण्याने स्वयंपाकघरात यजमानाला हातभार लावायचा तर खरेदी इथून करावी.

टेम्पलहोफ मैदान. कीत्सला पाहुण्यासाठी अंगण हवे असेल तर ते हे. १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत पश्चिम बर्लिनला विमानांनी अन्न आणि कोळसा पुरवला, त्यातील मुख्य तळ टेम्पलहोफ होता. विमानतळ ऑक्टोबर २००८ मध्ये बंद झाला आणि मे २०१० मध्ये तीनशे हेक्टरांहून मोठे ते मैदान लोकांसाठी खुले झाले. कडेला घरे बांधण्याची सरकारची योजना मतदारांनी २५ मे २०१४ च्या सार्वमतात फेटाळली. धावपट्टीवर सायकली, पतंग, चाकाचे बूट. गवताचे काही पट्टे चंडोलांच्या विणीसाठी दोरी लावून राखलेले. ओडररस्त्याच्या बाजूला फळकुटांच्या वाफ्यांत लोकांनी लावलेल्या भाज्या. सूर्यास्ताच्या सुमारास दरवाजे बंद होतात आणि त्याआधी शिलरकीत्समधले लोक घरून आणलेले खाणे घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसतात. तिकीट नाही, कार्यक्रम नाही. बर्लिनमध्ये एकच संध्याकाळ मिळाली तर ती इथे घालवावी.

पायाखालची पाटी. कीत्समध्ये चालताना फरसबंदीत दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी तुकडे बसवलेले दिसतात. नाझींच्या बळींच्या स्मरणार्थ गुंटर डेमनिग या कलाकाराने केलेले हे काम. बर्लिनमधले पहिले १९९६ मध्ये क्रॉइत्सबेर्गच्या ओरानिएनरस्त्यावर बसले. ‘इथे राहत होते’ असे शब्द, खाली नाव, जन्मवर्ष, नेल्याची तारीख आणि ज्या छावणीत अंत झाला तिचे नाव. एका दारापुढे कधी पाचसहा तुकडे असतात, आडनाव एकच. नोव्हेंबरच्या ९ तारखेला, १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मरणदिनी, शेजारी गुडघ्यावर बसून ते घासून लख्ख करतात आणि मेणबत्ती लावतात. यजमान राहतो त्या इमारतीपुढचे तुकडे वाचल्याशिवाय पाहुण्याने जाऊ नये.

मराठी वाचकाला जवळचा असा एक पत्ता डाहलेममध्ये आहे. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये होत्या. इनेरस्त्यावरच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेवर त्यांनी पीएच.डी.चे काम केले. फिशर यांच्या वंशविषयक गृहीतकाला त्यांच्या मोजमापांतून आधार मिळाला नाही. विशीतल्या परक्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकापुढे तसे मांडणे हे धैर्याचे होते. ती इमारत आता फ्री विद्यापीठाकडे आहे आणि संस्थेचा नाझी गुन्ह्यांतला सहभाग सांगणारा फलक दर्शनी भिंतीवर आहे. जवळच डाहलेम-डोर्फ हे भुयारी रेल्वेचे गवती छपराचे स्थानक आहे.

घरटंचाई आणि पाहुणा. गेल्या काही वर्षांत भाडी इतकी वाढली की घर हाच कीत्समधला पहिला राजकीय प्रश्न बनला. पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांवर २०१४ पासून कायद्याचे निर्बंध आले. २०२१ च्या सार्वमतात मोठ्या घरमालक कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत घ्यावीत असा बहुमताचा कौल पडला. फरसबंदीवर खडखडणाऱ्या चाकांच्या बॅगेकडे शेजारी नाराजीने पाहतात, त्याचे मूळ यात आहे. मित्राकडे उतरणारा कोणाचे घर अडवत नाही आणि ते शेजाऱ्यांना कळले की त्यांची वागणूक बदलते. जिन्यात भेटणाऱ्याला ‘अमक्याकडे आलोय’ असे आपणहून सांगावे.

भारतीय पाहुण्याला शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि किमान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा असावा लागतो. पाहुण्याकडे खर्चाची तजवीज नसेल तर यजमान बर्लिनच्या संबंधित सरकारी कार्यालयात स्वतः हजर राहून, उत्पन्नाचे पुरावे देऊन हमीपत्र करून देऊ शकतो. त्यानुसार पाहुण्याच्या राहण्याचा, आजारपणाचा आणि वेळ पडली तर परत पाठवणीचा खर्च यजमानावर येतो. तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामासाठी नगर कार्यालयात निवासनोंदणी करावी लागत नाही. मित्र भाड्याच्या घरात असेल आणि मुक्काम काही आठवड्यांपुढे लांबणार असेल, तर घरमालकाला कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते; म्हणून तारखा ठरवतानाच हा विषय काढावा.