व्हिसा संपला म्हणजे मुक्काम संपला?

"व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, आता परत यावं लागणार ना?" एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्या मुलाचे आई-वडील हे विचारणारच. कंपनीच्या एचआरमधली माणसंही विचारतात, याचं मात्र नवल वाटतं.

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा दारात दाखवायचा पास. आत किती दिवस राहायचं, ते आय-९४ नावाच्या नोंदीवर ठरतं. ती विमानतळावर प्रवेश देताना होते आणि ऑनलाइन बघता येते. तिथे राहून मुदतवाढ मिळाली, तर नवी आय-९४ मंजुरीच्या कागदाच्या तळाशी छापून येते. तिची तारीख पुढची असेल आणि नोकरी मंजुरीप्रमाणे चालू असेल, तर व्हिसा संपूनही राहणं कायदेशीरच. देशाबाहेर गेलात तर परतताना बहुतेकदा नवा व्हिसा लागतो, एवढंच.

खरा घोळ उलट्या बाजूने होतो. मंजुरी ३ वर्षांची, व्हिसाही तितकाच. पण पासपोर्ट १० मार्चला संपणार असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ही बहुधा १० मार्चपर्यंतच देतो. माणूस नवा पासपोर्ट काढून निश्चिंत होतो. आय-९४ मात्र आपोआप वाढत नाही! म्हणून एचआरने एक्सेलमध्ये नुसता व्हिसाच्या तारखेचा रकाना ठेवून भागत नाही. प्रत्येक प्रवासानंतर आय-९४ची प्रत मागवावी. मुदतवाढीचा अर्ज त्या तारखेआधी दाखल झाला, तर निकालाची वाट बघत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. आणि हो, बायको-मुलांच्या एच-४च्या (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या दर्जाच्या) तारखा वेगळ्या असू शकतात, त्याही बघा.