माती परीक्षणासाठी अर्ज, कागदपत्रं आणि नमुना: सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी

रब्बीची ज्वारी, हरभरा निघाला की रान मोकळं होतं आणि मग माती परीक्षण कुठं करायचं, कागद काय लागतात अशी विचारपूस सुरू होते. कागदांचं काम सोपं आहे, घोळ होतो तो नमुना काढताना, म्हणून कागदाचं आधी पटकन सांगतो.

पात्रतेची भानगड नाही, शेती करणाऱ्या कुणालाही माती तपासून घेता येते. रस्ते दोन आहेत. एक म्हणजे सॉइल हेल्थ कार्ड, मराठीत मृदा आरोग्य पत्रिका, ही केंद्राची योजना 2015 पासून चालू आहे आणि त्यात पैसे लागत नाहीत. पण त्यात गावं निवडलेली असतात आणि कर्मचारी स्वतः रानात येऊन मोबाईल ॲपवर लोकेशन टाकून नमुना घेतात, त्यामुळं आपलं गाव यंदा यादीत आहे का हे कृषी सहायकाला विचारायचं. दुसरा रस्ता म्हणजे आपणच नमुना काढून फी भरून द्यायचा. कृषी खात्याची जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा सोलापुरात आहे, खेड आणि मोहोळला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, डाळिंबवाल्यांना केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र माहीतच असेल. पण कुठं कोणती तपासणी चालू आहे आणि फी किती हे फोन करून विचारल्याशिवाय पिशवी घेऊन निघू नका.

सोबत आधारची झेरॉक्स, सातबारा आणि चालू मोबाईल नंबर ठेवा. बटईनं रान करत असाल तर मालकाकडून गट नंबर नीट लिहून घ्या. फॉर्मवर नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, बागायत का जिरायत, मागचं पीक, पुढं काय घेणार, नमुना किती खोलीचा आणि कोणत्या तारखेचा एवढं येतं. पुढचं पीक रिकामं सोडू नका कारण खताची शिफारस त्यावरच निघते.

आता माती. एकरभर रानाच्या वरच्या सहा इंचात साधारण 9 लाख किलो माती असते आणि लॅबवाले सेंद्रिय कर्ब काढायला त्यातली एखादा ग्रॅमच घेतात, म्हणजे तो ग्रॅम अख्ख्या एकराच्या वतीनं बोलणार. म्हणून एकाच कोपऱ्यातून खोरंभर माती उचलून चालत नाही, नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची घ्यायची. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, ती माती फेकून द्यायची आणि मग खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची चकती कापून घ्यायची. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, पाटाच्या कडेला घ्यायची नाही, आणि खत टाकून दोन-तीन महिने तरी झालेले पाहिजेत. एकाच गटात अर्धं काळं आणि अर्धं बरड रान असेल (आपल्याकडं असतंच) तर नमुने दोन वेगळे. डाळिंबाला एवढ्यावर भागत नाही, तिथं फूट-फूट खोलीचे थर वेगवेगळे काढायचे, खाली चुनखडी किती आहे ते त्यातच कळतं. बहार धरण्याआधी बाग ताणावर (पाणी तोडलेली) असताना नमुना घेतला तर बरं.

सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात किंवा स्वच्छ फडक्यावर एकत्र करा, ढेकळं लाकडी मोगरीनं फोडा, खडे-मुळ्या वेचा. मग गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. वाळवायची सावलीत. उन्हात घालू नका आणि तव्यावर भाजून तर अजिबात नेऊ नका, लोक नेतात म्हणून सांगतोय. पुढं दळून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचं काम लॅबवाले करतात.

जस्त, लोह तपासायचं असेल तर पत्र्याची बादली आणि गंजकं खुरपं लांब ठेवा. जस्ताची कमतरता धरतात ती किलोला 0.6 मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे अर्ध्या किलोच्या पिशवीत 0.3 मिलिग्रॅम, आणि जस्ताच्या मुलाम्याची बादली जरा खरवडली गेली तरी तेवढं सहज मिसळतं. मग रिपोर्टात जस्त भरपूर आणि रानात पानं पिवळी! खताची रिकामी गोणी वापरू नका, तीच गत होते. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते. एक पिशवीच्या आत, एक बाहेर.

पाणीही सोबत द्यायचं असेल तर मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, लिटरची बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि शक्यतो त्याच दिवशी पोच करा. औषधाची बाटली कितीही धुतली तरी नको.

पोचपावतीवरचा नमुना क्रमांक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. योजनेतलं कार्ड सरकारी पोर्टलवरून डाउनलोड होतं, त्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब धरून 12 गोष्टी असतात. मुक्त चुना त्या बारांत नाही आणि आपल्या चुनखडीच्या रानात तोच आकडा बघावा लागतो, म्हणून डाळिंब-द्राक्षवाल्यांनी फी भरतानाच तो वेगळा मागून घ्या.